कडेपासून चार बोटं

जयवंत पाण्याचा पेला टेबलावर ठेवायचे तेव्हा आधी त्यांचा डावा हात पुढे जायचा. चार बोटं टेबलाच्या कडेशी आडवी टेकायची आणि त्या बोटांच्या पलीकडे उजव्या हातातला पेला अलगद उतरायचा. ते अंतर मी एकदा पट्टीने मोजलं होतं. सात सेंटिमीटर. कपाचंही तेवढंच, आमटीच्या वाटीचंही तेवढंच. बघणाऱ्याला तो नीटनेटकेपणा वाटायचा. पाटबंधारे खात्यात सत्तावीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला अशी एखादी सवय असायचीच, असं आमची मुलंही म्हणायची.

मे २०११ मधल्या त्या दुपारीही त्यांनी पेला तसाच ठेवला. राजारामपुरीत गजानन चौगुलेचं सहलींचं ऑफिस होतं, एका इमारतीच्या तळघरात. आम्ही चौघं तिथे सिंगापूरच्या जहाजाच्या केबिनी ठरवायला गेलो होतो.

"नऊ पायऱ्या दिसतात," खाली उतरताना मी मोठ्याने म्हटलं होतं, "आणि शेवटची अगदीच बसकी."

"आई, कॉमेंट्री," ऋजुता मागून म्हणाली. "मोजल्या आम्ही."

घरात माझ्या बोलण्याला हे नाव पडलेलं होतं. मी चालताना पायरी, खड्डा, ओला फरशीचा तुकडा, वाटेत ठेवलेली खुर्ची, सगळं बोलून दाखवायचे. मुळात मी कमी बोलणारी. कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना तास संपला की माझा आवाजही संपतो, असं विद्यार्थी म्हणत. म्हणून मुलांना ती माझी नवी खोड वाटे. ती खोड सात वर्षांची होती. जयवंतांना समोरचं स्वच्छ दिसत होतं, अगदी नकाशावरचे बारीक आकडेसुद्धा. कडेचं दिसत नव्हतं आणि अंधारात काहीच दिसत नव्हतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि नळी दरवर्षी अरुंद होत जाईल. त्या दिवशी ते आणखी एक वाक्य बोलले होते. मिरजेहून कोल्हापूरला येईपर्यंत आम्ही दोघांनीही ते पुन्हा उच्चारलं नाही.

मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. ऋजुताची बारावी होऊ दे, मग सांगू, असं जयवंत म्हणाले. मग तिचं इंजिनिअरिंग. मग निहारची दहावी. मध्ये त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली, ती कंटाळा आला म्हणून. आता निहारचीही बारावी झाली होती, तर ते म्हणाले, "एकदा समुद्र बघू दे, वैजू. चौघं मिळून. आल्यावर सांगू."

गजानन माझा जुना विद्यार्थी. टेबलामागे बसल्या बसल्या तो मुलांना म्हणाला, "तुमच्या आईनं मला अकरावीला बेडूक कापायला दिलावता."

"आणि तू मागच्या दाराने पळालास," मी म्हटलं.

"पळालो म्हणून तर वाचलो मॅडम. न्हाईतर आज डॉक्टर होऊन बसलो असतो." त्याने जहाजाच्या मजल्यांचा नकाशा आमच्यासमोर पसरला. "बघा, घाई करायची न्हाई, पण चारला लाईट जाती. इन्व्हर्टरची बॅटरी दुरुस्तीला दिलीया. त्याच्या आत उरकू."

घड्याळात साडेतीन होत होते.

"तीन तऱ्हा असतात," तो म्हणाला. "आतली केबिन, तिला खिडकी नसती. मग खिडकीची. आणि बाल्कनीची."

"आतली," ऋजुता लगेच म्हणाली. ती तेविसाची होती, पुण्यात नोकरीला लागून वर्ष झालं होतं, आणि घरातले निर्णय आपण घेतले तर लवकर होतात असं तिचं मत होतं. "केबिनमध्ये बसायला कोण चाललंय? झोपायला तर जायचं."

"समुद्र बघायला चाललोय आपण," जयवंत म्हणाले.

"तो डेकवरून दिसतोच की, बाबा."

जयवंतांनी नकाशा जवळ ओढला. तो त्यांना पाठ होता. गजाननने पाठवलेली त्याची प्रत घेऊन ते आठवडाभर घरी बसले होते, पट्टी आणि भिंग घेऊन. आठवा मजला. लिफ्टमधून बाहेर आलं की डाव्या हाताला तिसरं आणि चौथं दार. दोन्ही खिडकीच्या, मध्ये आतून उघडणारं दार. एकीत आम्ही दोघं, दुसरीत मुलं. जेवणाच्या खोलीपर्यंत एकच वळण, पायरी नाही. लिफ्टपासूनची पावलं त्यांनी मापावरून काढली होती, एकोणीस.

"या दोन," त्यांनी बोट ठेवलं. "गजानन, एक विचारू? बाथरूमचा उंबरा केवढा असतो जहाजात?"

"उंबरा?" गजानन बुचकळ्यात पडला. "असंल की वीतभर. पाणी भाईर येऊ ने म्हणून. आजवर हे कुणी विचारलं न्हाई, साहेब."

"बाबा घर बांधणार आहेत तिथे," निहार म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

"पण बाबा," ऋजुता म्हणाली, "मी आणि निहार एका खोलीत? तो टॉवेल जमिनीवर टाकतो. आणि आम्ही आता मोठे आहोत. सरळ मी आणि आई एकीत, तू... म्हणजे तुम्ही आणि निहार एकीत. सगळे असंच करतात. हो ना गजाननदादा?"

"होय की. लेडीज एक, जेंट्स एक. आमच्या निम्म्या फॅमिल्या असंच घेत्यात."

"नको," मी म्हटलं.

फार पटकन म्हटलं. तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"का पण?" ऋजुताने विचारलं.

"बाबा घोरतात. निहारला झोप लागणार नाही."

"मला लागते," निहार म्हणाला. "मी कानात गाणी घालून झोपतो."

"त्यांच्या गोळ्या असतात रात्रीच्या."

"गोळी द्यायला डिग्री लागते का? देईन मी."

ऋजुता तोंडावर हात धरून हसायला लागली. "निहार, गप बस. तुला कळत नाही का? पंचवीस वर्षं झाली लग्नाला. आईला बाबांबरोबर राहायचंय."

"मॅडम लाजल्या," गजानन म्हणाला.

लाजले असते तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं. खिडकी नसलेली खोली, हलणारी जमीन, वीतभर उंबरा, पहाटे उठलेले जयवंत आणि कानात गाणी घालून झोपलेला मुलगा. तिसरी सबब मी शोधत होते आणि ती सापडत नव्हती. प्रयोगशाळेत परीक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तर माहीत असूनही ते सांगायची परवानगी नसते, असं काहीसं वाटत होतं.

मग ऋजुता हसायची थांबली. "आई, खरं सांगू? रागावू नकोस. तीन दिवस तरी बाबांना मोकळं सोड. तू त्यांना एक पाऊल स्वतःहून टाकू देत नाहीस. इथे पायरी आहे, तिथे कोपरा आहे, डावीकडे माणूस आहे. त्यांना काय दिसत नाही का? माणूस पन्नाशीत नोकरी सोडून घरात का बसतो, कधी विचार केलायस?"

गजानन उगाच कागद सारखे करू लागला.

"ऋजू," जयवंत म्हणाले, "तिला बोलू नकोस."

"मी तुमच्या बाजूनेच बोलतेय, बाबा."

"माहीत आहे." माझ्याकडे त्यांनी पूर्ण मान वळवून बघितलं, कारण तसं वळवल्याशिवाय मी त्यांना दिसले नसते. "ठीक आहे. मी आणि निहार राहू एका खोलीत. आमचं काय अडतंय? आतली घ्या."

मला बोल लागू नये म्हणून ते म्हणाले, हे मला कळलं. खिडकी त्यांनी सोडली होती. ज्या समुद्रासाठी हा सगळा खटाटोप होता तो त्यांनी एका वाक्यात देऊन टाकला, आणि मी तिथे बसले होते.

"बरं का निहार," ऋजुता म्हणाली, "संध्याकाळी यांना केबिनच्या बाहेर काढायचं काम तुझं. नाहीतर साळोख्यांचा नियम. दिवा लावून बसतील."

तो नियम आमच्या घरात खरंच होता. दिवेलागण झाली की साळोख्यांच्या घरातला पुरुष बाहेर पडत नाही. माझे सासरे अण्णा तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावून बसायचे ते जेवणाचं ताट समोर येईपर्यंत. गावात त्यांना लोक देवमाणूस म्हणत. लग्नानंतर मी त्यांना कितीदा तिथे बसलेलं बघितलं, समोर ज्योत, मांडीवर हात. मोठ्या निष्ठेने मी त्या निरांजनात तूप घातलं. त्या घरात एक जीवशास्त्राची शिक्षिका असून तिला एवढं कळलं नाही की म्हातारा माणूस त्या खोलीत जेवढा उजेड आहे तेवढ्यात बसला आहे.

"मग आतल्या दोन," गजानन म्हणाला आणि त्याने पेन्सिल माझ्यापुढे केली. "मॅडम, तुमीच खूण करा. घ्यायच्या केबिनीचा चौकोन काळा करायचा. लांबच्या नकोत, या लिफ्टजवळच्या करा."

मी पेन्सिल घेतली. नकाशावर चौकोनांच्या रांगा होत्या, सगळे पांढरे.

वंशावळीचा तक्ता मी दरवर्षी बारावीला शिकवायचे. पुरुषाचा चौकोन, बाईचं वर्तुळ. ज्याच्यात दोष उतरला त्याचं चिन्ह काळं करायचं. मिरजेहून आलो त्या आठवड्यात मी वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता काढला होता. वर एक चौकोन, अण्णांचा, काळा. त्याच्या खाली जयवंतांचा, काळा. त्याच्या खाली एक वर्तुळ आणि एक चौकोन. ते पांढरे ठेवून मी पान फाडलं. डॉक्टरांचं दुसरं वाक्य तेच होतं. हा बापाकडून मुलांकडे जाणारा प्रकार आहे, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, दोघांनाही एकदा आणून दाखवा.

"कळून काय करणार?" जयवंतांनी तेव्हा विचारलं होतं. "औषध आहे?"

"नाही."

"मग? हसतायत तोवर हसू देत."

जे मला माहीत होतं त्याचं काहीही करता येण्यासारखं नव्हतं. मी फक्त बघत राहिले. मुलं धडपडली की बघायचे. ऋजुता चेंडू झेलते का, निहार सायकल कशी चालवतो. सगळं ठीक दिसायचं आणि मी ठीक म्हणून सोडून द्यायचे.

"आतली नको," निहार म्हणाला.

पेन्सिलचं टोक कागदापासून केसभर वर होतं.

"का रे बाबा आता?" ऋजुता म्हणाली. "सगळं ठरलं की."

"मला खिडकी पाहिजे."

"कशाला?"

"अशीच. मला बंद खोलीत आवडत नाही." त्याच्या हातात पाण्याचा पेला होता, अजून अर्धा भरलेला. तो त्याच्यात बघत होता. "आणि पुढे जहाजावरच राहायचंय मला. समुद्र बघितलेला बरा."

हेही घरात ठरलेलं होतं. निहारला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. प्रवेश परीक्षा झाली होती आणि जूनमध्ये मुंबईला शारीरिक तपासणी होती. जहाजाच्या सहलीचं खूळही मूळ त्याचंच. मी त्या तपासणीच्या पत्रावरची तारीख रोज बघायचे आणि कॅलेंडरचं पान उलटून ठेवायचे.

"असं व्हय," गजानन म्हणाला. "मग तर तुला आतल्याचीच सवय पाहिजे, दोस्ता. खलाश्याला कोण खिडकी देतंय? आत कसं असतं सांगू का, एकदा का दिवा घालवला की भर दुपारी बारा वाजता..."

आणि लाईट गेली. पंखा दोन फेरे मारून थांबला.

"बघा, असं," गजाननचा आवाज आला. "चारला पाच कमी. आज लवकर गेली."

पूर्ण काळोख नव्हता. पायऱ्यांच्या वर काचेचं दार होतं आणि त्यातून मेमधलं ऊन येत होतं. त्यातलं थोडंसं नऊ पायऱ्या उतरून खाली येत होतं. पहिल्या क्षणी मलाही काही दिसलं नाही. मग डोळे सरावले. आधी टेबलाची कड, मग पांढरा नकाशा, मग माणसं. हे मी वर्गात शिकवायचे, उजेड कमी झाला की दृष्टिपटलावरच्या कोणत्या पेशी कामाला लागतात ते. ऋजुता उठली, खुर्च्यांमधून वाट काढत पायऱ्यांपाशी गेली आणि फोनला रेंज मिळते का बघू लागली. गजानन कपाटाकडे गेला. "टॉर्च कुठं ठेवला कोण जाणे," तो म्हणाला आणि खण उघडू लागला. दोघं सहज हिंडत होते.

दोघं बसून होते.

जयवंत बसणार हे मला माहीत होतं. त्यांचे हात मांडीवर होते, चेहरा समोर. अण्णा असेच बसत. मी त्यांच्याकडे बघून निहारकडे वळले. काही शंका आली म्हणून नव्हे, तो माझ्या उजव्या हाताला होता म्हणून.

त्याला पेला ठेवायचा होता. त्याचा डावा हात हळूच पुढे गेला. हवेत जरा चाचपला. टेबलाची कड लागली तशी चार बोटं तिच्याशी आडवी टेकली, आणि त्यांच्या पलीकडे उजव्या हातातला पेला अलगद उतरला.

उजेडात त्याने असं कधी केलं नव्हतं. मी कधीच बघितलं नव्हतं. बापाची नक्कल करावी अशी ती वेळही नव्हती, आणि कुणी आपल्याला बघतंय असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"वर चला," गजानन म्हणाला. "टॉर्च काय घावंना. दारात उजेड हाय, तिथंच फॉर्म भरू."

जयवंत उठले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला, आमची रीत होती ती. माझ्या मागे निहारही उठला. तो उभा राहिला आणि चालला नाही.

"आई," तो म्हणाला, "कर की कॉमेंट्री."

आवाजात थट्टा होती. पण ती जेमतेम वरवर होती, आणि खाली जे होतं ते मी ओळखलं.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. बाजारात, लग्नघरात, सिनेमाच्या थिएटरात निहार नेहमी माझ्या एक पाऊल मागे असायचा. हात धरायचा नाही, वय नव्हतं ते. आई किती बोलते म्हणून सगळ्यात जास्त तोच चिडवायचा आणि कधी पुढे निघून जायचा नाही. त्याच्या खोलीतला दिवा रात्रभर सुरू असायचा, आणि अभ्यास करता करता झोपला असेल म्हणून मी तो सकाळी बंद करायचे. आईवेडा आहे, असं मी बहिणीला कौतुकाने सांगितलं होतं. सात वर्षं मी एका माणसासाठी बोलत होते आणि दोघं ऐकत होते.

"निहार," मी म्हटलं. माझा हात मी त्याच्या चेहऱ्यापासून दोन फुटांवर धरला. "किती बोटं आहेत?"

"काय?"

"माझी किती बोटं वर आहेत, सांग."

तो हसला. "अंधारात कुणाला दिसतं, आई?"

"ऋजुता," मी पायऱ्यांकडे न बघता विचारलं, "तिथून किती दिसतात?"

"तीन," ती वरच्या पायरीवरून म्हणाली. "का? काय चाललंय तुमचं?"

निहारचा चेहरा माझ्या हाताच्या थोडा डावीकडे वळलेला होता. आपल्याला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं, हे त्याला तेव्हाच पहिल्यांदा कळलं असावं. अंधार सगळ्यांचा सारखाच असतो अशी त्याची समजूत असणार. अशी समजूत कुणी तपासून बघत नाही.

जयवंतांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खांद्यावरचा हात जड झाला, बोटं रुतली. गर्दीत थांबायचं असलं की ते तसं करायचे.

"वैजू," ते अगदी हळू म्हणाले. "आता नको. आल्यावर."

पायऱ्यांच्या वरून गजानन वाकून बघत होता, हातात फॉर्म. "मॅडम? मग काय धरायचं? आतल्या का खिडकीच्या?"

माझ्या डाव्या हातात अजून पेन्सिल होती. ती मी टेबलावर ठेवली.

"अहो, आल्यावर नाही," मी जयवंतांना म्हटलं. मग वर बघून, ऋजुतालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, वर्गात बोलते तशी बोलले. "गजानन, आज केबिन धरू नकोस. ऋजू, तुझी रजा दोन दिवस वाढव. बाबांना कडेचं दिसत नाही आणि अंधारात काहीच दिसत नाही, सात वर्षं झाली. अण्णांनाही दिसत नव्हतं. उद्या सकाळी आपण चौघं मिरजेला जाणार आहोत, निहारचे डोळे तपासायला, आणि त्याच्या मागोमाग तुझे. निहार, माझ्या मागे ये. समोर नऊ पायऱ्या आहेत, आणि पहिली बसकी आहे."